मराठवाड्यातला उन्हाळा: तुमच्याकडं काय बदललं? (अनुभव धागा)

परभणी-नांदेडचा पारा ४३-४४ वर गेला की दरवर्षी एकच भांडण सुरू होतं. पोरं म्हणतात असं ऊन कधी नव्हतं, म्हातारे म्हणतात आम्ही याहून जास्त बघितलंय. मला दोघांचंही पटतं. हवामान खात्याच्या हिशेबात सपाटीच्या भागात पारा ४० वर आणि सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी जास्त गेला की उष्णतेची लाट. ४५ गाठले तर सरासरी न बघताच लाट. आपल्याकडं मे महिन्याची सरासरीच चाळिशीपार, त्यामुळे ४३ अंशांत माणूस भाजून निघाला तरी ती कागदावर लाट नसते! म्हणून आकडे राहू द्या. घर, रान, झोप, रोजगार यांत काय फरक पडला ते लिहा. गाव जरूर सांगा.

परभणी, निवृत्त शिक्षिका
दुपारचं ऊन तेव्हाही असंच होतं. गेली ती रात्र. माझं माहेर माळवदाचं, हातभर जाड भिंती, वर फळ्यांवर मातीचा थर. दुपारी आत अंधारात पडून राहायचं आणि रात्री बाजा टाकून माळवदावर झोपायचं. पहाटे गोधडी ओढून घ्यावी लागे, आणि हे वैशाखात बरं का. आता स्लॅबचं घर आहे. रात्री दहाला नळ सोडला तरी टाकीचं पाणी कढतच येतं, गादीसुद्धा गरम लागते. पहाटे लाइट गेली आणि कूलर बंद पडला की लगेच जाग येते. दोष सगळा हवेचा नाही, आम्हीच माती काढून सिमेंट घातलं. पण गच्चीवर झोपून बघितलं, तिथंही पूर्वीचा गारवा नाही.

जालना, मोसंबी बागायतदार
आमचं दुखणं मे नाही, मार्च आहे. आंबे बहाराची, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुलणाऱ्या मोसंबीची फळं तेव्हा वाटाण्याएवढी असतात. त्यात एकदम ऊन चढलं की सकाळी झाडाखाली सडा. २०२२ चा मार्च देशात १९०१ पासूनचा सगळ्यात तापलेला होता, हे पेपरात नंतर वाचलं. बागेत आधीच कळलं होतं. आता बुंध्याभोवती पाचट अंथरतो आणि पाणी संध्याकाळीच देतो. थोडी गळ थांबते. विहिरीला पाणी असलं तर.

हिंगोली
सकाळची शाळा मार्चातच लागते आता. बाकी वर सगळ्यांनी लिहिलंच आहे.

नांदेड, भूगोलाचा प्राध्यापक
जालन्याच्या दादांनी विहिरीचं काढलं, खरी गोम तिथंच आहे. जमिनीत ओल असली की उन्हाचा बराच भाग ती ओल उडवण्यात खर्च होतो. पावसानं दगा दिलेल्या वर्षानंतर रान कोरडंठाक असतं, मग तीच उष्णता थेट हवा तापवते. वरून वायव्येचा कोरडा वारा. २०१५ ला पाऊस गेला आणि २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तो उन्हाळा आठवून बघा. उलट २०२५ च्या मे महिन्यात पाऊस लवकर आला आणि छत्र्या काढाव्या लागल्या. म्हणजे दरसाल चढताच पारा असं नाही, पण एकूण कल वरच आहे.

बीड, गवंडी
सर, ओल-बिल ठीक हाय, आमच्या हाताचं बघा. सेंट्रिंगच्या लोखंडी प्लेटा सकाळी दहालाच धरवंनात. आधी बारापर्यंत काम चालायचं, जेवून झाडाखाली घटकाभर पडलं की परत चालू. आता उजाडायच्या आत लागतो अन् अकराला सोडतो. मालक म्हणतो अर्धा दिवस भरला, अर्धा रोज घे. स्लॅब तर रातच्यालाच टाकायलोत. टोपीत कांदा ठेवणारे लई हायत, त्यानं काय होतं देवाला ठाऊक.

धाराशिव, आशा कार्यकर्ती
कांदा ठेवा, पण पाणीही प्या हो भाऊ! ऊन लागलेला माणूस बरळायला लागला, अंग तापलं की पाणी पाजत बसू नका, शुद्ध नसेल तर ठसका लागतो. सावलीत घ्या, ओल्या कापडानं अंग पुसा, वारा घाला आणि तडक दवाखाना. मला जास्त काळजी पत्र्याच्या खोलीत एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची. उन्हात ती जातच नाहीत, घरातच उकडून निघतात.

अंबाजोगाई
रस्ते रुंद करताना वड-लिंब तोडले, त्यावर कुणीच बोलत नाही. एसटीची वाट बघायला आता सावली कुठंय?

लातूर, किराणा दुकानदार
आपल्याकडं हवा कोरडी म्हणून कूलर झकास चालतो, मान्य. पण टँकरचं विकत पाणी कूलरला ओतताना जीव जातो. गच्चीला चुना मारायचा विचार आहे. कुणी मारलाय का? किती टिकतो?

बीड, गवंडी
नुसता चुना मारला तर पहिल्या वळवातच धुऊन जातो. त्यात पांढरं सिमेंट अन् फेविकॉल घाला, दोन हात द्या. आधी गच्ची झाडून घ्या, धुळीवर मारला तर पापुद्रे निघतात. मारायचा तर फेब्रुवारीतच मारा.