मायग्रेनसाठी रुग्णालयात दाखल होण्याचा आणि इंजेक्शनचा, असे दोन्ही दावे विमा कंपनीने नाकारले: दाद कशी मागावी?

भांडुपची शिक्षिका

सर्वांना नमस्कार. मी भांडुप पश्चिमेला राहते आणि माध्यमिक शाळेत गणित शिकवते. बऱ्याच वर्षांपासून मला अर्धशिशीचा (मायग्रेनचा) त्रास आहे. गेल्या वर्षभरात महिन्यातले निम्म्याहून अधिक दिवस डोके दुखू लागल्यामुळे न्यूरॉलॉजिस्टनी क्रॉनिक मायग्रेनचे निदान केले. प्रोप्रानोलॉल, अमिट्रिप्टिलीन आणि टोपिरामेट ही प्रतिबंधक औषधे एकामागून एक घेऊन झाली. पहिल्या दोन औषधांनी फारसा फरक पडला नाही आणि टोपिरामेटमुळे बोलताना नेमके शब्द आठवेनासे झाले. दिवसभर फळ्यासमोर उभे राहणाऱ्या माणसाला हे चालण्यासारखे नसल्यामुळे डॉक्टरांनीच ते बंद केले.

पावसाळ्यात आलेला एक झटका तीन दिवस उलटले तरी थांबला नाही. उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नव्हती, म्हणून मुलुंडच्या एका खासगी रुग्णालयात दाखल व्हावे लागले. तिथे सलाईन, उलटी थांबवणारे इंजेक्शन आणि शिरेतून व्हॅल्प्रोएट देण्यात आले. एमआरआयही झाला आणि तो सुदैवाने निर्दोष आला. घरी सोडताना डॉक्टरांनी दरमहा घ्यावयाचे इरेनुमॅब हे इंजेक्शन लिहून दिले आणि त्याचा पहिला डोस मी काही आठवड्यांनी त्याच रुग्णालयाच्या डे-केअर विभागात (जिथे रात्रभर न राहता उपचार होतात) घेतला.

विमा कंपनीने दाखल होण्याचा दावा 'रुग्णास प्रामुख्याने तपासणीसाठी दाखल केले होते' असे सांगून पॉलिसीतील एक्स्क्लुजन ०४ (खर्च वगळणारे एक कलम) खाली नाकारला आहे, तर इंजेक्शनचा दावा 'हा ओपीडी उपचार आहे' (म्हणजे दाखल न होता बाह्यरुग्ण म्हणून घेतलेला उपचार) या एका ओळीत फेटाळला आहे. पॉलिसी कौटुंबिक फ्लोटर प्रकारची (संपूर्ण कुटुंबाला मिळून एकच विमा रक्कम) असून २०१८ पासून एकही हप्ता चुकलेला नाही. तिच्यात ओपीडीचे संरक्षण नाही, हे मला मान्य आहे. तरीही एखाद्या रुग्णाला शिरेतून औषधे देऊन बरे केल्यानंतर ती केवळ तपासणीसाठी आली होती असे कसे म्हणता येते, हे मला समजत नाही. दोन्ही नकारांविरुद्ध दाद मागता येईल का आणि सुरुवात कुठून करावी, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

जुना दावे-अधिकारी

ताई, मी अनेक वर्षे टीपीएमध्ये (विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेत) दाव्यांच्या छाननीचे काम केले आहे, त्यामुळे पलीकडच्या टेबलावर आपली फाइल कशी वाचली गेली असेल याचा मला अंदाज आहे. माझा पहिला सल्ला असा की, हे दोन दावे वेगवेगळे समजू नका. आधी दाखल होण्याचा दावा लढवा, कारण तो मंजूर झाला तर औषधांचा प्रश्न बऱ्याच अंशी त्याच्यामागोमाग सुटतो.

याचे कारण पॉलिसीतील 'पोस्ट-हॉस्पिटलायझेशन'च्या व्याख्येत आहे. रुग्णालयातून सुटल्यानंतरच्या ठरावीक दिवसांत (अनेक पॉलिसींमध्ये हे ६० दिवस असतात) त्याच आजारासाठी झालेला वैद्यकीय खर्च कंपनीने द्यावयाचा असतो. अट एवढीच की, मूळ दाखल होण्याचा दावा देय असला पाहिजे. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधे आणि फेरतपासणीचे शुल्क त्यात येते. म्हणजे एरवी ओपीडी म्हणून नाकारला जाणारा खर्च या मुदतीत केवळ ओपीडीचा आहे म्हणून बाद होत नाही. आपले पहिले इंजेक्शन या मुदतीत बसते का, ते आधी तारखा लावून पाहा. बसत असेल, तर केमिस्टचे बिल, प्रिस्क्रिप्शन आणि डिस्चार्ज समरी (घरी सोडताना रुग्णालय देते तो उपचारांचा सारांश) एकत्र जोडून तो खर्च याच शीर्षकाखाली मागा. स्वतंत्र डे-केअर दावा म्हणून मागितल्यामुळेच तो इतक्या सहज फेटाळला गेला, असे मला वाटते.

आता एक्स्क्लुजन ०४ विषयी. विमा नियामकाने प्रमाणित केलेल्या या कलमाचे दोन भाग आहेत. जे दाखल होणे प्रामुख्याने फक्त निदान आणि मूल्यमापनासाठी असते त्याचा खर्च पहिल्या भागाने वगळला आहे. ज्या तपासण्यांचा चालू निदानाशी आणि उपचारांशी संबंध नाही त्यांचा खर्च दुसऱ्या भागाने वगळला आहे. आपल्या बाबतीत तीन दिवसांहून अधिक चाललेला झटका, तोंडाने औषध घेता न येणे आणि शिरेतून दिलेले उपचार हे सगळे पहिल्या भागाच्या विरोधात जाते. इतका लांबलेला झटका आल्यावर मेंदूत दुसरे काही कारण नाही ना, हे पाहण्यासाठी केलेला एमआरआय चालू निदानाशी थेट जोडलेला आहे, म्हणून दुसरा भागही लागू होत नाही.

असे असूनही दावा का नाकारला जातो? माझ्या अनुभवात याचे सर्वांत मोठे कारण डिस्चार्ज समरी असते. निवासी डॉक्टर घाईत 'तीव्र डोकेदुखी, तपासणीसाठी दाखल, एमआरआय नॉर्मल, प्रकृती स्थिर' असे लिहून मोकळे होतात. छाननी करणाऱ्याला रुग्ण दिसत नाही, फक्त तो कागद दिसतो. निदानाचा सांकेतिक क्रमांक जी ४३ म्हणजे मायग्रेन असा न देता आर ५१ म्हणजे नुसती डोकेदुखी असा दिला असेल, तर अडचण आणखी वाढते. म्हणून रुग्णालयाकडे इनडोअर केस पेपर्सची (दाखल असतानाच्या उपचारांच्या नोंदींची) संपूर्ण प्रत लेखी अर्ज करून मागा. वैद्यकीय व्यावसायिकांच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार रुग्णाने मागितल्यावर कागदपत्रे ७२ तासांत मिळाली पाहिजेत. त्यात परिचारिकांनी कोणते औषध किती वाजता दिले याच्या नोंदी असतात आणि आपल्या बाजूचा तो सर्वांत भक्कम पुरावा आहे.

सायनचा रहिवासी

माझ्या पत्नीलाही हाच आजार आहे आणि तिच्या दाव्याच्या वेळी आम्ही जे शिकलो ते येथे लिहितो. न्यूरॉलॉजिस्टचे पत्र अवश्य घ्या, परंतु 'रुग्णास मायग्रेन आहे आणि उपचार आवश्यक होते' इतकेच पत्र निरुपयोगी ठरते. कंपनीने ज्या कारणाने दावा नाकारला त्याच कारणाचे उत्तर पत्रात हवे: झटका किती तास चालला होता, घरी कोणती औषधे घेऊनही उपयोग झाला नाही, गोळ्या देणे का शक्य नव्हते, शिरेतून कोणती औषधे दिली आणि ती बाह्यरुग्ण विभागात देणे का सुरक्षित नव्हते. ७२ तासांच्या पुढे गेलेल्या तीव्र झटक्याला वैद्यकशास्त्रात स्टेटस मायग्रेनोसस असे स्वतंत्र नाव आहे. डॉक्टरांना ते निदान मान्य असेल तर त्यांनी ते स्पष्ट शब्दांत लिहावे.

डोकेदुखीची डायरी ठेवत असाल तर तीही जोडा. महिन्यातून १५ किंवा त्याहून अधिक दिवस डोकेदुखी, त्यातले किमान ८ दिवस मायग्रेनचे, आणि हे तीन महिन्यांहून अधिक काळ, अशी क्रॉनिक मायग्रेनची आंतरराष्ट्रीय व्याख्या आहे. ही गोष्ट डायरीशिवाय सिद्ध करणे कठीण जाते. ज्या आजारात रक्ताच्या चाचणीत आणि एमआरआयमध्ये काहीच दिसत नाही, त्या आजाराच्या माणसाला आपले दुखणे खरे आहे हे कागदावर दाखवावे लागते. हे अन्यायाचे आहे असे मला मनापासून वाटते, पण दावा लढवताना त्याची तयारी ठेवावीच लागते.

दादरची वाचक

वरील दोन्ही उत्तरे उपयुक्त आहेत. मी इंजेक्शनविषयी आणखी एक मुद्दा मांडू इच्छिते. नियामकाने २०१९ मध्ये ज्या १२ आधुनिक उपचारपद्धती पॉलिसीतून सरसकट वगळता येणार नाहीत असे ठरवले, त्यांत इंजेक्शनद्वारे दिली जाणारी मोनोक्लोनल अँटिबॉडी (प्रयोगशाळेत तयार केलेले विशिष्ट प्रथिन) इम्युनोथेरपी आहे. इरेनुमॅब हे मोनोक्लोनल अँटिबॉडीच आहे. तो उपचार फक्त कर्करोगासाठी असावा, असे त्या यादीत म्हटलेले नाही. त्यामुळे तक्रारीत या कलमाचा उल्लेख अवश्य करावा.

जुना दावे-अधिकारी

मुद्दा योग्य आहे आणि तो लिहावाच, पण त्यावर फार भिस्त ठेवू नये असे मला वाटते. ते संरक्षणही रुग्णालयातील आंतररुग्ण किंवा डे-केअर उपचारांपुरतेच आहे, आणि डे-केअरच्या व्याख्येतून सामान्यतः ओपीडीत होणारे उपचार वगळलेले असतात. हे इंजेक्शन त्वचेखाली, अनेकदा घरच्या घरी घेतले जाते, हे कंपनी लगेच दाखवून देईल. पहिला डोस देखरेखीखाली देणे डॉक्टरांनी का आवश्यक मानले, ते त्यांनी कारणासह लिहिले तरच या मुद्द्याला वजन येईल. पुढच्या दरमहाच्या डोसांसाठी मात्र ओपीडीचे संरक्षण असलेली पॉलिसी किंवा रायडर (पॉलिसीला जोडलेले जादा संरक्षण) याशिवाय मार्ग दिसत नाही. त्याबाबत खोटी आशा दाखवणे मला योग्य वाटत नाही.

दादरची वाचक

हे मान्य आहे. आता दाद मागण्याच्या क्रमाविषयी लिहिते. प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा आणि तिची पोच जपून ठेवा. तक्रारीचा निकाल त्यांनी १४ दिवसांत द्यावयाचा असतो. हीच तक्रार नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवरही नोंदवता येते. नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार दावा नाकारण्यापूर्वी कंपनीच्या दावा पुनर्विलोकन समितीची मंजुरी आवश्यक आहे आणि नकाराचे कारण पॉलिसीतील नेमक्या अटीसह कळवणे बंधनकारक आहे. 'हा ओपीडी उपचार आहे' या एका ओळीत कोणतेही कलम नाही, म्हणून ते कलम आणि समितीच्या मंजुरीचा तपशील तक्रारीतच मागा.

कंपनीने पुन्हा नकार दिला किंवा एक महिन्यात उत्तरच दिले नाही, तर विमा लोकपालांकडे जाता येते. त्यासाठी शुल्क नाही आणि तिथे वकिलाला उभे राहता येत नाही, त्यामुळे सामान्य माणसाला आपली बाजू स्वतः मांडता येते. तक्रार कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाच्या आत करावी लागते. मुंबईच्या लोकपालांचे कार्यालय सांताक्रूझ पश्चिमेला एस. व्ही. रोडवर आहे, मात्र महापालिकेचे एम पूर्व, एम पश्चिम, एन, एस आणि टी हे प्रभाग ठाण्याच्या कार्यालयाला जोडलेले आहेत. भांडुप एस प्रभागात येत असल्यामुळे आपला अर्ज ठाण्याला जाईल. लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, परंतु तो आपल्याला मान्य नसेल तर त्यानंतरही ग्राहक आयोगाकडे जाता येते. आधी ग्राहक आयोगात प्रकरण दाखल केले तर लोकपाल ते हाती घेत नाहीत, म्हणून क्रम बदलू नये.

भांडुपची शिक्षिका

आपणा सर्वांची मी अत्यंत ऋणी आहे. तारखा तपासल्या, इंजेक्शन ६० दिवसांच्या आत घेतलेले आहे. एकच शंका उरते. कंपनीने मध्यंतरी 'हा त्रास केव्हापासून आहे' असे विचारणारे पत्र पाठवले होते. डोके महाविद्यालयीन वयापासून दुखत असे, पण तेव्हा कोणी निदान केले नव्हते, त्यामुळे २०१८ च्या प्रस्तावपत्रात त्याचा उल्लेख नाही. आता हे उत्तर माझ्या विरोधात वापरले जाईल का?

जुना दावे-अधिकारी

उत्तर खरे तेच द्या आणि डॉक्टरांनाही पूर्वेतिहास बदलून लिहायला सांगू नका. आपली पॉलिसी सलग ६० महिन्यांहून अधिक काळ चालू असल्यामुळे मोरॅटोरियमचा कालावधी पूर्ण झाला आहे, आणि त्यानंतर फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय माहिती न दिल्याच्या कारणावरून कंपनीला दावा नाकारता येत नाही. आधीपासूनच्या आजारासाठीचा प्रतीक्षा कालावधीही केव्हाच संपला आहे. मधल्या काळात विमा रक्कम वाढवली असेल, तर वाढीव रकमेसाठी हे दोन्ही कालावधी वाढीच्या तारखेपासून मोजले जातात, तेवढे पाहून घ्या. सुरुवातीपासूनच्या सर्व नूतनीकरणांच्या प्रती तक्रारीला जोडा, आणि केस पेपर्स हाती येईपर्यंत तक्रार पाठवू नका.