मदत हवी आहे: धूर नीट दिसेल अशी रॉकेटची एच मोटर (एच म्हणजे ताकदीचा वर्ग) कोणती घ्यावी?

मंडळी, मी परभणीचा, शिकायला टेक्सासात, सध्या सुट्टीत घरी आलोय. पुढच्या महिन्यात तिकडं लेव्हल 1 (हौशी रॉकेटवाल्यांचं मोठ्या मोटरींसाठीचं पहिलं प्रमाणपत्र) साठी रॉकेट उडवायचंय, तर मोटरचं कोडं सुटंना. मागं मित्राचं रॉकेट व्हिडिओ कॉलवर आजीला दाखवलं, त्यात ब्लू थंडर इंधनाची मोटर होती, म्हणजे निळसर ज्वाळा आन् धूर जवळपास नाहीच, आजी मोबाईल पार डोळ्याला लावून म्हणती, "लेकरा, फुस्स झालं की, गेलं कुठं?" दिवाळीतला बाण बी ह्याच्यापेक्षा बरा म्हणे!

तर ह्या बारीला धूर पाहिजेच. एच97जे ब्लॅक जॅक मनात भरलीय, काळाकुट्ट धूर सोडती, पण माझं रॉकेट मोटरसकट 2.2 किलोचं, अन् थ्रस्ट (मोटरचा ढकलायचा जोर) वजनाच्या 5 पट पाहिजे म्हणलं की 108 न्यूटन होतात, तिथं हिचा सरासरी थ्रस्ट 97 न्यूटन (नावातला आकडा तोच) कमीच पडतोय ना? एच128डब्ल्यू व्हाइट लाइटनिंग बसती, धूर बी दाट, पण पांढरा, आन् त्या दिवशी आभाळ ढगाळ असलं तर काय दिसणार कप्पाळ?

वजन कमी करू का पांढऱ्यावरच भागवू? कोणी दोन्ही उडवल्या असतील तर सांगा राव.