'स्वेल्टरिंग' म्हणजे रणरणतं की उकाड्याचं?

पानगळ: एका इंग्रजी कथेचा अनुवाद करतेय. त्यात 'स्वेल्टरिंग आफ्टरनून' आहे. मी बेधडक 'रणरणती दुपार' लिहिलं. संपादक बाईंनी खोडलं. म्हणे, पडदे ओढलेत, माणसं घामानं निथळतायत, ऊन आहेच कुठे? पण 'उकाड्याची दुपार' अगदीच मिळमिळीत वाटतं हो.

गिरगावकर: बाई बरोबर आहेत. जुन्या इंग्रजीत 'स्वेल्टन' म्हणजे मरणं. पुढे उष्म्यानं घेरी येणं, मग घामाघूम होणं. 'सल्ट्री', म्हणजे दमट उकाड्याचं, हे त्याचंच पोर. आपण 'उकाड्यानं मेलो' म्हणतो, तेच की!

वऱ्हाडी ठेचा: उकाडा तुमच्याकडेच ठेवा. मे महिन्यात आमच्या नागपुरात ओला पंचा दोरीवर टाका, थोड्या वेळात पापडासारखा कडक. कूलरच्या वाळ्याच्या ताट्यांवर पाणी सुरू, म्हणून जगतो. मुंबईत कूलर लावून पाहा, आणखी घाम येईल. आमच्या उन्हाला शब्द 'टॉरिड'. लॅटिन 'तोर्रेरे', म्हणजे सुकवणं, भाजणं. 'टोस्ट'सुद्धा त्यातलाच.

मिताक्षरी: आणि आपली तहानही! तृष्णा, तण्हा, तहान. 'तृष्' आणि 'तोर्रेरे' एकाच मुळाचे.

गिरगावकर: आलं! सगळं संस्कृतातून काढायची खोड.

मिताक्षरी: संस्कृतातून कोण म्हणालं? भावंडं आहेत, मायलेकरं नव्हेत.

शुद्धमती: मूळ प्रश्नाला 'उष्मादग्ध अपराह्ण' चालेल.

वऱ्हाडी ठेचा: ताई, वाचणाऱ्याला आधी पाणी द्या.

ऊसकरी: 'काहिली' घ्या ना. गुऱ्हाळातली काहील, म्हणजे उसाचा रस उकळायची मोठी कढई, तिच्यावरूनच आलाय तो शब्द, आजोबा सांगायचे.

मिताक्षरी: ऐकायला छान आहे, पण पुरावा? शिवाय काहिली अंगाची होते, दुपारची नाही.

ऊसकरी: रस उकळत असताना काहिलीपाशी पाच मिनिटं उभ्या राहा. खालून चुलवणाची धग, वरून वाफ, मळी काढणाऱ्याच्या भुवयांवरून घाम टपकतोय. पुरावाच पुरावा.

पानगळ: म्हणजे 'जीव उकडून काढणारी दुपार' लिहू का? उद्या प्रत द्यायचीय.

गिरगावकर: ऊसकरी, गुऱ्हाळ कोल्हापूरकडचं का? काकवी मिळेल?