मदत हवी आहे : एकाच बटणावरचे चार दिवे वेगळे कसे करायचे?

नमस्कार मंडळी. शिवाजी पेठेतल्या आमच्या जुन्या घरात हॉलच्या छताला चार दिवे आहेत, पण चारही एकाच बटणावर. आईला रात्री फक्त देव्हाऱ्याजवळचा एक पुरतो, बाकीचे तिच्या डोळ्यांवर येतात. भिंत फोडायची नाही.

बटणाच्या बोर्डात न्यूट्रल (परतीची तार) नाही, दिव्यांपाशी मात्र फेज-न्यूट्रल दोन्ही आहेत. म्हणून प्रत्येक दिव्यामागे छोटं वायरलेस रिले मॉड्यूल (बिनतारी इशाऱ्यावर दिवा चालू-बंद करणारी डबी) आणि भिंतीवर सेलवर चालणारी बटणं, असं डोक्यात आहे. मूळ बटण मग कायम चालूच ठेवावं लागेल ना? वायफायचं घ्यावं की झिगबीचं (घरातल्या उपकरणांसाठीची वेगळी बिनतारी पद्धत)? झिगबीला लागणाऱ्या हबचा (बटणं आणि मॉड्यूल जोडणाऱ्या मधल्या यंत्राचा) खर्च चालेल, पण नेट गेलं तरी बटणं चाललीच पाहिजेत. आईला मोबाईल जमत नाही. आणि लाईट जाऊन आली की मध्यरात्री चारही दिवे पेटू नयेत, ही सेटिंग सगळ्यांत असते का? कुणी बसवलं असेल तर सांगा की. कोल्हापुरात हे काम जाणणारा वायरमन असला तर तेही कळवा.