‘नेताजींची पाणबुडी’ : यू-१८० ला खोटे दागिने कशाला?

सुकाणी (धागाकर्ता)

जानेवारीपासून एकच पोस्ट माझ्याकडे तीनदा आली. मजकूर थोडक्यात असा : जर्मनीने आपली सर्वांत यशस्वी पाणबुडी खास नेताजींसाठी सोडली, तिने शत्रूची डझनावारी जहाजे बुडवली आणि अखेर लढता लढता वीरमरण पत्करले. काल आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एका निवृत्त मुख्याध्यापकांनी ती ‘मुलांना वाचून दाखवा’ म्हणून टाकली. आता मात्र राहवत नाही.

यू-१८० ब्रेमेनला बांधली गेली आणि मे १९४२ मध्ये जर्मन नौदलात दाखल झाली. नऊ-डी-एक या प्रकारच्या दोनच बोटी झाल्या, ही आणि यू-१९५. वेग वाढवायचा म्हणून त्यांत टॉर्पेडो-बोटींची सहा मर्सिडीज इंजिने बसवली. वीस नॉटच्या वर वेग मिळाला, पण धूर आणि उष्णता इतकी की युद्धात तिचा उपयोग करणे अवघड झाले. ९ फेब्रुवारी १९४३ ला ती कीलहून निघाली. कप्तान वर्नर मुझेनबेर्ग, प्रवासी नेताजी आणि त्यांचे सहायक आबिद हसन. १८ एप्रिलला दक्षिण आफ्रिकेच्या बाजूला कॉर्बिस हे ब्रिटिश तेलजहाज बुडवले. २८ एप्रिलला मादागास्करच्या आग्नेयेला नेताजी आय-२९ या जपानी पाणबुडीवर गेले. परतताना ३ जूनला बोरिस हे ग्रीक मालवाहू जहाज बुडवले आणि जुलैत बोट बोर्दोला पोचली.

संपली तिची लढाई. पुढे ती इंजिने काढली, बोटीला मालवाहू केले. ऑगस्ट १९४४ मध्ये ती पूर्वेकडे निघाली आणि बिस्केच्या उपसागरातच ५६ माणसांसह गेली. सुरुंग लागला की श्नोर्केल (पाण्याखालून हवा घेण्याची नळी) बिघडले, यावर आजही एकमत नाही. सगळ्या सेवाकाळात दोन जहाजे, १३,२९८ टन. ‘डझनावारी’ कुठून आली?

शिवाय ती ‘खास’ नेताजींसाठी निघाली हेही अर्धेच खरे. जर्मनी आणि जपान यांच्यात कागदपत्रे, माणसे आणि माल यांची देवाणघेवाण करायची होती. जपान्यांकडून सुमारे दोन टन सोने आणि दोन नौदल अधिकारी याच बोटीतून युरोपात गेले. त्यांतले तोमोनागा पुढे मे १९४५ मध्ये यू-२३४ मधून जपानला परतत होते. ती बोट अमेरिकनांना शरण जाणार हे कळल्यावर त्यांनी झोपेच्या गोळ्या घेऊन जीव दिला.

नेताजींचा प्रवास मुळातच एवढा मोठा आहे की त्याला लोखंडाच्या नळकांड्याची खोटी कीर्ती जोडावी लागत नाही.

मी_सांगलीकर

आलेच हिशेबनीस. बोटीने किती टन बुडवले हे मोजून काय सिद्ध करता? ज्या कामाला ती गेली ते काम झाले की नाही, एवढे सांगा.

विशाखापट्टणमला समुद्रकिनारी ‘कुरसुरा’ पाणबुडी ठेवली आहे. मी वडिलांना घेऊन गेलो होतो. ती कोरड्या वाळूवर उभी, आत पंखे, बाहेर पडायला दार, तरी दहा मिनिटांत वडिलांना गुदमरायला लागले. नेताजी तसल्या जागेत अकरा आठवडे होते, डिझेलच्या वासात, आणि तिथे बसून आबिद हसनना मजकूर सांगून लिहवून घेत होते. शेवटी खवळलेल्या समुद्रात रबरी तराफ्यावरून दुसऱ्या बोटीवर! तुमच्या सोसायटीतली पोरे हे ऐकून चार दिवस भारावली तर बिघडले काय?

सुकाणी

हेच लिहा ना मग! यातला शब्द न् शब्द खरा आहे आणि त्या पोस्टमध्ये यातले काहीच नाही. तिथे आहेत डझनावारी जहाजे.

डिझेल_मिस्त्री

इंजिनांना नावे ठेवू नका. ट्रॉलरची इंजिने उघडण्यात माझी तीस वर्षे गेली. तीच मर्सिडीज इंजिने जर्मनांच्या जलद टॉर्पेडो-बोटींत उत्तम चालली. उघड्या पाण्यावर तासाभराच्या धावेसाठी बनवलेले इंजिन तुम्ही बंद पिंपात कोंडून महिनोन् महिने चालवणार, तर ते तापणार नाही तर काय? दोष निवड करणाऱ्याचा. आमच्याकडेही मालक स्वस्तात मिळाले म्हणून ट्रकचे इंजिन होडीत टाकतात आणि मग मिस्त्रीला शिव्या देतात.

वास्कोकर

नेताजी, मर्सिडीज सगळे झाले, पण याच मोहिमेच्या काळात गोव्यात काय झाले ते कोणी काढत नाही. ९ मार्च १९४३, म्हणजे यू-१८० अटलांटिकमध्ये असताना, कलकत्ता लाइट हॉर्स या हौशी घोडदळाचे अर्धनिवृत्त साहेबलोक एका जुनाट बार्जमधून मुरगाव बंदरात घुसले आणि एरेनफेल्स या जर्मन जहाजावर चढले. पोर्तुगाल तटस्थ होता! त्या जहाजावर छुपा वायरलेस होता आणि मित्रराष्ट्रांच्या जहाजांची खबर तिथून पाणबुड्यांना जात होती. जर्मनांनी आपलीच जहाजे पेटवून बुडवली. माझी आजी तेव्हा बारा वर्षांची. बंदरावरचा उजेड पाहून लोकांना वाटले गावच जळतेय, असे ती शेवटपर्यंत सांगायची. गोव्याचा हा इतिहास महाराष्ट्रातल्या अभ्यासकांना दिसतच नाही.

सुकाणी

हल्ला झाला हे निर्विवाद. पण त्या वायरलेसमुळे जर्मन पाणबुड्या अरबी समुद्रात जहाजे टिपत होत्या, ही गोष्ट तारखांशी जुळत नाही. ‘मोन्सून’ या जर्मन पाणबुड्यांच्या गटाच्या बोटी या भागात आल्या १९४३ च्या पावसाळ्यानंतर. यू-१६८ ने मुंबईच्या पश्चिमेला हाइचिंग हे जहाज बुडवले २ ऑक्टोबरला. यू-५३३ ओमानच्या आखातात बुडाली १६ ऑक्टोबरला. एरेनफेल्स तोवर सात महिने तळाशी होते.

वास्कोकर

म्हणजे माझी आजी खोटारडी?

सुकाणी

आजींनी आग पाहिली. वायरलेसवरचे बोलणे त्यांनी ऐकले नव्हते.

वास्कोकर

तोंड सांभाळा. जपानी पाणबुड्या ४२ पासून या समुद्रात होत्या, त्या सोयीस्कर विसरलात? आणि आफ्रिकेच्या टोकाशी, मोझांबिकच्या बाजूला ४२ च्या अखेरीस जर्मन बोटी होत्याच. खबर काय फक्त मुंबईजवळच्या बोटीला देतात? दरवेळी गोव्याचे काही निघाले की ‘पुरावा दाखवा’, आणि पुण्यातल्या वाड्याची दंतकथा असली की परिसंवाद!

सुकाणी

जपानी पाणबुड्यांचा मुद्दा मान्य, तो मी सोडायला नको होता. आजींबद्दलचे वाक्यही चुकले, माफ करा. खबरीने नेमकी किती जहाजे बुडाली, या प्रश्नावर मात्र मी होतो तिथेच आहे.

भाट्ये_बंदर

सकाळपासून वाचतोय. कप्तान झाले, इंजिन झाले, साहेबलोक झाले. कॉर्बिसवरची माणसे? ती एका ओळीत बुडाली.

माझे चुलत आजोबा रत्नागिरीजवळचे, ब्रिटिश मालवाहू जहाजावर आगवाले. बॉयलरच्या खोलीत कोळसा मारायचे काम. टॉर्पेडो लागला की पाणी आधी तिथेच शिरते. १९४२ मध्ये त्यांचे जहाज असेच एका जर्मन पाणबुडीने बुडवले. घरी तार आली पावसाळ्यात, आणि कंपनीने पगार धरला जहाज बुडाल्याच्या दिवसापर्यंतचा. पणजी ते पैसे पदरात बांधून सारंगाच्या (खलाशांच्या मुकादमाच्या) घरी गेली, ‘बाकीचे कधी?’ म्हणून विचारायला. बाकीचे आलेच नाहीत.

नेताजींना मी मानतो. आमच्या घरात त्यांचा फोटो आहे. पण ‘पाणबुडीने शत्रूची जहाजे बुडवली’ हे वाक्य टाळ्या घेण्यासाठी लिहिता, तेव्हा त्या जहाजांच्या पोटात कोण होते हे माहीत असू द्या. कोकणातली, गोव्यातली, सिल्हेटची, चितगावची माणसे होती.

मी_सांगलीकर

मग नेताजींनी पोहत जायचे होते का?

भाट्ये_बंदर

हा प्रश्न माझ्या घरच्या मयताला विचारताय, याचे भान ठेवा.

जुना_नाविक

दोघेही शांत व्हा. जर्मन पाणबुडीवाले सगळे राक्षस नव्हते. सप्टेंबर १९४२ मध्ये यू-१५६ च्या कप्तान हार्टेनश्टाइनने लाकोनिया हे ब्रिटिश जहाज बुडवले, मग पाण्यात हजारो माणसे पाहून त्याने स्वतः बचाव सुरू केला. डेकवर माणसे घेतली, लाइफबोटी ओढल्या, रेड क्रॉसचा झेंडा पसरला. बाँब टाकले ते अमेरिकन लिबरेटर विमानाने.

भाट्ये_बंदर

त्यानंतर जर्मन पाणबुडीदलाचा प्रमुख डोनिट्स याने हुकूम काढला, वाचवायला जाऊ नका. तो का गाळलात? आणि मार्च १९४४ मध्ये यू-८५२ ने पेलेउस हे ग्रीक जहाज बुडवले, तराफ्यांवरच्या माणसांवर मशीनगन चालवली. तिघे वाचले. तिचा कप्तान हाइन्त्स एक याला त्यासाठी गोळ्या घातल्या.

जुना_नाविक

गाळायला नको होता, हे कबूल. पण यू-१८० ने असे केल्याचे कुठे नाही. आणि तिच्यावरचे ५६ जणही कुणाची तरी पोरेच होती. पाणबुडीदलातल्या चारांतले तीन परतले नाहीत. मी पंधरा वर्षे समुद्रावर काढली आहेत, बुडणाऱ्याचा झेंडा मला दिसत नाही.

मी_सांगलीकर

भाट्ये, मघाचे वाक्य मागे घेतो. पोस्टही आमच्या ग्रुपवरून काढायला सांगतो. पण सुकाणींना एक सांगायचे आहे : तुम्ही पहिल्याच लेखात कॉर्बिस ‘बुडवले’ एवढेच लिहून पुढे गेलात. टन मोजलेत, माणसे तुम्हीही मोजली नाहीत.

सुकाणी

बरोबर आहे. मला झोंबले, पण बरोबर आहे.

वास्कोकर

आमच्या गोव्याचे खलाशी मुंबईत धोबीतलावच्या कूडांत (गावकऱ्यांच्या वसतिगृहांत) राहून जहाजाची वाट बघायचे. त्यांच्यातले किती गेले याची कुठे नोंद आहे का?

भाट्ये_बंदर

मुंबईत मस्जिद बंदरच्या बाजूला खलाशांचे जुने वसतिगृह आहे, इंडियन सीमेन्स होम. दुसऱ्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या जवळपास ६,००० हिंदी व्यापारी खलाशांची नामावली तिथे आहे, आणि तशीच एक प्रत चितगावला. माझ्या वडिलांनी २००३ मध्ये जाऊन आजोबांचे नाव शोधले. स्पेलिंग चुकलेले होते. त्यांनी बोटाने ते नाव दोनदा गिरवले आणि आम्ही परत आलो. तुम्हाला जायचे असेल तर मी बरोबर येतो.