अनुभव धागा: वर्ल्ड सिरीज संपली, आता संघ कसा बांधता?

आउट ऑफ द पार्क बेसबॉल, म्हणजे आपलं ओओटीपी, हा कॉम्प्युटरवरचा खेळ खेळणारी मराठी मंडळी थोडी असतील, पण जी आहेत ती जीव लावून खेळतात. या खेळात बॅट हातात घ्यायची नसते. आपण जनरल मॅनेजर. कोणाला ठेवायचं, कोणाला सोडायचं, कोणाला किती डॉलर द्यायचे, एवढंच आपलं काम. मिनिॲपोलिसला प्रोजेक्टवर असताना तिथल्या हिवाळ्यात मी तिथल्याच ट्विन्सचा संघ घेऊन सुरुवात केली. आता पुण्यात परत येऊनही सवय सुटलेली नाही.

माझ्या मते खरा खेळ १६२ सामन्यांत नाहीच. वर्ल्ड सिरीज (बेसबॉलची अंतिम लढत) संपल्यापासून स्प्रिंग ट्रेनिंगपर्यंतचे (सीझनआधीच्या सरावापर्यंतचे) जे तीन-साडेतीन महिने असतात, त्यात तो आहे. आयपीएल पाहणाऱ्यांना रिटेन्शन आणि लिलाव ठाऊक आहे, पण तो लिलाव एक-दोन दिवसांत आटोपतो. इथे सगळं हप्त्याहप्त्याने येतं. आधी करार संपलेले फ्री एजंट, म्हणजे कुठेही जायला मोकळे, होतात. नोव्हेंबरात आर्बिट्रेशनवाल्यांना (पगाराचा वाद लवादाकडे नेऊ शकणाऱ्यांना) करार द्यायचा की मोकळं करायचं ते कळवायचं, संघाच्या हक्काच्या चाळिसांची यादी पक्की करायची. डिसेंबरात विंटर मीटिंग (सगळे संघ एकत्र जमून सौदे करतात) आणि रूल फाइव्ह ड्राफ्ट (दुसऱ्या संघाच्या यादीबाहेरची पोरं उचलायची संधी). आज घेतलेला निर्णय पंधरा दिवसांनी आडवा येतो.

मी सीझन संपल्यावर लगेच पुढे सिम करत नाही, म्हणजे कॉम्प्युटरला पुढचे दिवस पळवू देत नाही. वहीत चाळीस नावं लिहितो आणि प्रत्येकापुढे येत्या एप्रिलमधलं वय. पगार नंतर. एका वर्षी ९४ सामने जिंकलेला संघ जसाच्या तसा ठेवला होता. नऊपैकी सहा फलंदाज बत्तिशी ओलांडलेले आहेत हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पुढच्या वर्षी ७१ विजय. वही तेव्हापासून.

तुमचा एक तरी ऑफसीझन इथे सांगा. यशाचाच हवा असं नाही.

* * *

अमरावती, सध्या न्यू जर्सी

धागा आवडला. मी शाळा-कॉलेजात अमरावतीला सॉफ्टबॉल खेळले, कॅचर होते, म्हणजे क्रिकेटमधल्या विकेटकीपरसारखी. त्यामुळे हे लिहिताना मला जरा जास्तच वाईट वाटतंय, कारण चूक मी कॅचरच्याच बाबतीत केली.

माझ्याकडचा कॅचर .२१० ने फटकावणारा, म्हणजे दहात जेमतेम दोनदा हिट मारणारा. रेटिंगच्या पानावर त्याचे बॅटिंगचे आकडे बघवत नसत. डिसेंबरात त्याला ट्रेड करून वीस होमरन मारणारा आणला. मे महिना उजाडला, पिचर तेच, मैदान तेच, आणि सगळ्यांचे ईआरए (नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा) वर. वाइल्ड पिच (कॅचरला न आवरणारे भरकटलेले चेंडू) वाढल्या, समोरचे धावपटू बिनधास्त बेस चोरायला लागले. चेंडू अडवणं, कडेचा चेंडू स्ट्राइक वाटेल असा धरणं, दुसऱ्या बेसवर फेकण्याचा हात, या गोष्टी मी स्वतः उन्हात गुडघ्यांवर बसून शिकले होते आणि पडद्यावर मी त्यांना शून्य किंमत दिली.

आता माझा क्रम ठरलेला आहे. आधी मैदानाची मधली रेघ: कॅचर, शॉर्टस्टॉप, सेकंड बेस, सेंटर फील्ड. इथे हात आणि पाय बघते, बॅट मिळाली तर आनंद. फर्स्ट बेस आणि डीएच (फक्त बॅटिंग करणारा) सगळ्यात शेवटी. नुसती बॅट चालवणारा माणूस जानेवारीतही स्वस्तात मिळतो, चांगला शॉर्टस्टॉप मिळत नाही.

* * *

पिट्सबर्ग

रूल फाइव्हने मी एकदा चांगलाच पोळलो आहे. नवीन लोकांसाठी थोडक्यात: अठराव्या वर्षी किंवा त्याआधी करार केलेला खेळाडू पाच सीझननंतर, आणि त्याहून मोठ्या वयात आलेला चार सीझननंतर, चाळिसांच्या यादीत नसेल तर दुसरा संघ त्याला १ लाख डॉलर देऊन उचलू शकतो. अट एकच. उचलणाऱ्याने त्याला पूर्ण सीझन वरच्या २६ जणांत ठेवायचं, नाहीतर परत देऊ करायचं.

माझ्याकडे सोळाव्या वर्षी डोमिनिकन रिपब्लिकमधून घेतलेला एक डावखुरा पिचर होता. एकवीस वर्षांचा, मायनर लीगच्या (मोठ्या लीगखालच्या तयारीच्या लीगच्या) खालच्या पायऱ्यांवर. मनात हिशेब केला की एवढ्या कच्च्या पोराला कोण वर्षभर वर ठेवेल? यादीतली शेवटची जागा चौतीस वर्षांच्या एका रिलीव्हरला (सामन्यात मागाहून येणाऱ्या पिचरला) दिली. पोराला नेलं ते आदल्या वर्षी १०४ सामने हरलेल्या संघाने. मी विचार माझ्या संघाचा केला होता, त्यांचा केला नव्हता. हरणाऱ्या संघाला बुलपेनमधली (रिलीव्हरांमधली) एक जागा वर्षभर वाया घालवणं परवडतं. त्यांनी त्याला ४० इनिंग कशाबशा टाकायला लावल्या, पुढच्या वर्षी खाली पाठवून शिकवलं आणि तिसऱ्या वर्षी तो त्यांचा पहिल्या क्रमांकाचा स्टार्टर (सामना सुरू करणारा पिचर) झाला. माझा रिलीव्हर जूनमध्येच निवृत्तीच्या वाटेला लागला होता.

आमच्या गावात हा नियम कुणाला समजावून सांगावा लागत नाही. रॉबर्टो क्लेमेंटे १९५४ मध्ये ब्रुकलिन डॉजर्सच्या माँट्रियलच्या मायनर लीग संघात होता. डॉजर्सनी त्याला वरच्या यादीत घेतलं नाही आणि आमच्या पायरेट्सनी त्याला ४,००० डॉलरला उचललं. पुढे ३,००० हिट्स, सगळे पायरेट्सकडून. पीएनसी पार्कबाहेर त्याचा पुतळा आहे. मुलीला घेऊन सामन्याला जातो तेव्हा आम्ही आधी तिथे थांबतो.

हल्ली ऑक्टोबर संपायच्या आत मी सगळ्या मायनर लीगमध्ये रूल फाइव्हला पात्र होणाऱ्यांची यादी काढतो. वाचवायला जागा नसेल तर त्याला आधीच ट्रेड करतो. फुकट जाण्यापेक्षा बरं.

* * *

बंगळूर

मी सीए आहे, त्यामुळे माझा ऑफसीझन एक्सेलमध्येच जातो आणि मला तो तसाच आवडतो. पहिली तीन वर्षं खेळाडू किमान पगाराच्या आसपास (२०२५ मध्ये ७ लाख ६० हजार डॉलर), पुढची तीन आर्बिट्रेशनची, प्रत्येक वर्षी चढती, आणि सहा पूर्ण झाली की तो मोकळा. म्हणजे आज स्वस्तात खेळणारी चार पोरं एकाच वर्षी वर आली असतील, तर ती एकाच वर्षी महागही होणार. हे चार वर्षं आधी दिसतं. मी चार वर्षांचे रकाने पुढे मांडते आणि त्या चौघांपैकी एकाला दुसऱ्याच वर्षी लांबचा करार देते, एकाला पाचव्या वर्षाआधी विकते. लक्झरी टॅक्सची, म्हणजे पगारांची बेरीज ज्यापुढे गेली की कर बसतो ती रेघ (२०२५ ला २४ कोटी १० लाख डॉलर) माझ्या संघाने कधी ओलांडली नाही.

फ्री एजंटचं म्हणाल तर थांबावं, पण सगळ्यांसाठी नाही. नोव्हेंबरात १ कोटी ४० लाख मागणारा एक सेकंड बेसमन मला फेब्रुवारीत एका वर्षासाठी ४० लाखांत मिळाला. स्टार्टिंग पिचरसाठी मात्र अशी वाट बघत बसले आणि बाजार रिकामा झाला.

अजून एक, यावर मतं ऐकायला आवडतील. सर्व्हिस टाइमचं, म्हणजे वरच्या संघात काढलेल्या काळाचं, एक वर्ष १७२ दिवसांचं. तयार पोराला एप्रिलचे पहिले दोन-तीन आठवडे खाली ठेवलं की त्याच्यावरचा आपला हक्क एक वर्ष वाढतो. मी ते करत नाही. खेळ असला तरी ज्याने मार्चमध्ये जागा कमावली त्याला ती मिळावी असं मला मनापासून वाटतं.

* * *

नागपूर

आमची ऑनलाइन लीग आहे, बहुतेक संघ अमेरिकेतल्या लोकांकडे. सिम तिथल्या रात्री होतो, म्हणजे आपल्या सकाळी. विंटर मीटिंगच्या आठवड्यात मी पहाटे पाचला उठतो. कॉम्प्युटरच्या संघांशी सौदा करणं आणि माणसाशी करणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. माणसाला आदल्या वर्षीचा फसलेला सौदा आठवतो. म्हणून मी दुखापतीला नाजूक असलेला पिचर देताना ते स्वतःहून सांगतो. सहा वर्षांत माझ्याशी बोलायला कोणी नाही म्हटलेलं नाही.

बंगळूरच्या ताईंना सर्व्हिस टाइमबाबत पूर्ण अनुमोदन.

* * *

डोंबिवली

मी बँकेतून निवृत्त. मुलगा कॅलिफोर्नियातल्या ऑकलंडजवळ राहतो, त्याच्याकडे सहा महिने राहिलो तेव्हा त्याने हा खेळ शिकवला. मी जुनेच सीझन खेळतो. सध्याचं अर्थकारण मला झेपतं, पण मन रमत नाही.

माझा आवडता ऑफसीझन १९७६ चा, ऑकलंड ए’ज. १९७२, ७३, ७४ अशी सलग तीन वर्षं जिंकलेला संघ. डिसेंबर १९७५ मध्ये लवादाने मेसरस्मिथ आणि मॅकनॅली या दोन पिचरांच्या बाजूने निकाल दिला आणि खेळाडूला आयुष्यभर बांधून ठेवणारं कलम निकामी झालं. ऑकलंडचे मालक चार्ली फिनली यांना दिसत होतं की सगळे जाणार. जून १९७६ मध्ये त्यांनी जो रूडी आणि रोली फिंगर्स रेड सॉक्सना प्रत्येकी १० लाखांना आणि व्हिडा ब्लू यांकीजना १५ लाखांना विकला. बेसबॉलचे कमिशनर बोवी कून यांनी तिन्ही सौदे रद्द केले. पैसेही गेले आणि सीझन संपल्यावर माणसंही गेली: रूडी आणि बेलर एंजल्सकडे, फिंगर्स आणि टेनेस सॅन डिएगोला, बँडो मिलवॉकीला, कॅम्पानेरिस टेक्सासला. १९७७ मध्ये तोच संघ ६३ विजय, ९८ पराभव, गटात तळाला. त्याच वर्षी जन्मलेला सिअ‍ॅटलचा संघही वर राहिला.

मी बसलो ते हाच हिवाळा पुन्हा खेळायला. मालकाची तिजोरी तेवढीच छोटी. सहा जण दारात उभे आणि पैसे दोघांपुरते. तीन दिवस मी कॅलेंडर पुढे सरकवलं नाही. कॅम्पानेरिस चौतीस वर्षांचा, त्याला जाऊ देणं कठीण नव्हतं. बँडो कर्णधार, पण बत्तिशी ओलांडलेला आणि पाच वर्षं मागत होता. त्याच्यासमोर नाही म्हणायचं बटण दाबताना हात थांबला. पडद्यावरचं नावच ते, तरी थांबला. फिंगर्सला ठेवून रूडीला सोडावं असं आकडे सांगत होते. पण मी विचार केला की ज्या संघाला शेवटच्या डावापर्यंत आघाडीच मिळणार नाही, त्याला फिंगर्ससारखा शेवटचा डाव राखणारा पिचर काय कामाचा? म्हणून रूडी ठेवला आणि टेनेस ठेवला. बाकी जागा तेवीस-चोवीस वर्षांच्या पोरांना दिल्या.

* * *

धागाकर्ता

काका, अर्ध्यावर सोडू नका. १९७७ ला तुमचा ऑकलंड कितवा आला?

* * *

डोंबिवली

चौथा. ८१ विजय, ८१ पराभव. शेवटचा सामना सिअ‍ॅटलविरुद्ध होता, तो मात्र सिम न करता एकेक चेंडू खेळलो. रूडीने आठव्या डावात दोन धावा आणल्या.