मदत हवी: पुलाच्या कामावर दाजींचा अपघात, ठेकेदारावर केस होते का?

मांजराकाठ: अहमदपूरहून लातूरला येताना पुलाचं काम चालू आहे, तिथं दाजी गाडीसकट खाली गेले. पाटी नाही, लाइट नाही. पोलीस म्हणतात, स्वतःच पडले, गुन्हा कुणावर टाकू? ठेकेदाराचा माणूस दवाखान्यात येऊन 20 हजार देतो म्हणाला. केस होते का, एवढंच सांगा. अर्जंट.

निवृत्त_ओव्हरसियर: रस्ता कुणाचा? रात्रीची वेळ होती का? पंचनामा झाला? आधी जागेचे फोटो काढा, उद्या तिथं बॅरिकेड उभे राहतील. चालू कामावर वाहतूक कशी वळवायची, याची इंडियन रोड्स काँग्रेसची नियमपुस्तिका आहे, आयआरसी एसपी 55. रिफ्लेक्टर, रात्रीचे दिवे, सगळं त्यात आहे. माहिती अधिकारात करारनामा काढा.

बालाघाटकर: त्यात महिना जाईल. रास्ता रोको करा. आमच्याकडं दुसऱ्या दिवशी पाट्या लागल्या.

निवृत्त_ओव्हरसियर: पाट्या लागल्या, जखमीला काय मिळालं?

विमावाला: पॉलिसीत मालक-चालकाला 15 लाखांचं कव्हर असतं. हेल्मेट होतं का?

मांजराकाठ: हेल्मेटचं काय घेऊन बसलात! डावा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. शुक्रवारी रात्रीची गोष्ट. रस्ता बांधकाम खात्याचा. गाडी माझ्या नावावर आहे.

विमावाला: मग ते कव्हर दाजींना नाही. गाडी ज्याच्या नावावर, त्यालाच.

बालाघाटकर: हायकोर्टानं 2025 मध्ये जखमींना 50 हजार ते अडीच लाख द्यायला सांगितलंय. तेच मागा.

वकील_ताई: तो आदेश खड्डे आणि उघड्या मॅनहोलचा आहे, अर्धवट पुलाला सरळ लागू होईलच असं नाही. भाऊ, पाय गेला हे आधीच सांगायचं! मोटार वाहन कायद्याचं कलम 198अ, म्हणजे रस्त्याच्या कामात मानकं न पाळल्याचं, अपंगत्व किंवा मृत्यू असेल तरच लागतं. ते ठेकेदार, सल्लागार आणि खातं, सगळ्यांना लागतं. पण दंड जास्तीत जास्त 1 लाख, आणि तो अपघात निधीत जातो, दाजींच्या हातात नाही. गुन्ह्यासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम 125(ब) मागा, निष्काळजीपणानं गंभीर दुखापत केल्याचं. ठाण्यात घेत नसतील तर तक्रार पोस्टानं एसपींना पाठवा, तरी नाही झालं तर मॅजिस्ट्रेटकडे. दुसरं वाहन नव्हतं ना? मग अपघात न्यायाधिकरणात अवघड जाईल. भरपाईसाठी ठेकेदार आणि खातं दोघांवर दिवाणी दावा लावा.

मांजराकाठ: दुसरं वाहन नव्हतं. फोटोला माणूस पाठवला. 20 हजाराचं काय करू? माझी बहीण घ्यायचे म्हणतेय, दवाखान्याचं बिल आहे.

वकील_ताई: तो कागदावर सही मागतोय का? कागदात काय लिहिलंय?

बालाघाटकर: गावाला सांगा. दहा माणसं गेली की 20 चे 2 लाख होतात.

मांजराकाठ: "तक्रार नाही" असं लिहिलंय.

वकील_ताई: सही करू नका.